थारमध्ये सबवूफर बसवायचा आहे : १२ इंची दोन की १० इंची एक?

जांबोटीरस्ता :

सर्वांना नमस्कार. माझ्याकडे २०२१ सालची डिझेल, हार्डटॉप, फोर बाय फोर थार आहे. राहायला मी बेळगावातल्या टिळकवाडीत असलो, तरी काजूची बाग जांबोटीच्या पुढे असल्यामुळे आठवड्यातून तीन-चार वेळा खानापूर तालुक्यातल्या लाल मातीच्या वाटांवरून गाडी न्यावी लागते, आणि जून ते सप्टेंबर या काळात वाट कुठे संपते व ओढा कुठे सुरू होतो हे नेमके सांगता येत नाही. गेल्या वर्षी मड टेरेन टायर घातले. चिखलात त्यांचा उपयोग फार होतो. पण डांबरी रस्त्यावर ताशी ६० किलोमीटरच्या पुढे गेले की त्यांची घरघर केबिनमध्ये भरते आणि संगीतातले खालचे सूर तिच्यात बुडून जातात. मी प्रामुख्याने भजने, अभंग आणि नाट्यसंगीत ऐकतो. घरी ऐकताना पखवाजाच्या कणीक लावलेल्या तोंडाचा जो घुमारा छातीत जाणवतो, तो गाडीत अजिबात पोहोचत नाही. उरते ती टाळांची किणकिण.

या कारणाने सबवूफर, म्हणजे फक्त खालचे सूर वाजवणारा मोठा स्पीकर, बसवण्याचा विचार आहे. शहरातल्या एका दुकानदाराने असा आराखडा दिला : १२ इंची दोन सबवूफर पोर्ट (हवा आत-बाहेर जाण्याची नळी) असलेल्या एकाच मोठ्या बॉक्समध्ये बसवायचे, त्यासाठी मागच्या दोन सीटपैकी एक काढून टाकायची आणि ॲम्प्लिफायर चालकाच्या सीटखाली जमिनीवर ठेवायचा. प्रत्येक सबवूफरच्या खोक्यावर १२०० वॅट छापलेले आहे, म्हणजे एकूण २४०० वॅट मिळतील, असे त्यांचे म्हणणे. माझी तयारी ४५,००० रुपयांपर्यंत आहे आणि कंपनीचा टचस्क्रीन मला काढायचा नाही. बॅटरी हे ओझे पेलेल का, ओढ्याच्या पाण्याचे काय करायचे, आणि मुळात माझ्यासारख्याला दोन सबवूफरची गरज आहे का, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे. गाडीला पुढे विंच (अडकलेली गाडी ओढून काढणारे विजेचे यंत्र) आहे, हेही सांगून ठेवतो.

केए तेवीस :

तांत्रिक उत्तर इतर सभासद देतीलच. मी फक्त सीटपुरते लिहितो. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानुसार नोंदणी प्रमाणपत्रातल्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही, आणि आसनसंख्या हा त्यातलाच एक तपशील आहे. आपली गाडी कधी शिनोळीवरून महाराष्ट्रात तर कधी चोर्ल्यावरून गोव्यात जात असणार. दुसऱ्या राज्याची पाटी पाहून थांबवलेल्या गाडीची कागदपत्रे किती बारकाईने पाहिली जातात, हे आपणा सीमेवरच्या लोकांना वेगळे सांगायला नको. सीट जागेवर ठेवूनच काय बसते ते पाहावे.

निपाणीची मास्तरीण :

दादा, प्रथम त्या १२०० वॅटबद्दल लिहिते. मी विद्युत अभियांत्रिकी शिकवते आणि हा आकडा दरवर्षी माझ्या वर्गात हसण्याचा विषय होतो. खोक्यावर ठळक छापलेला आकडा बहुधा क्षणभराच्या कमाल शक्तीचा असतो. सबवूफर सातत्याने किती शक्ती पेलतो हे सांगणारा आकडा आरएमएस या नावाने आतल्या माहितीपत्रकात बारीक अक्षरांत असतो, आणि तो पुष्कळदा बाहेरच्या आकड्याच्या निम्मा किंवा त्याहूनही कमी निघतो. खरोखरच २४०० वॅट द्यायचे म्हटले, तर ८० टक्के कार्यक्षमतेच्या डी वर्गातल्या ॲम्पलाही गाडीकडून ३००० वॅट घ्यावे लागतील, म्हणजे १३.८ व्होल्टला सुमारे २१७ अँपियर. हेडलाइट, वायपर, एसी आणि इंजिनाचे स्वतःचे काम सांभाळून एवढा प्रवाह आपल्या गाडीचा अल्टरनेटर (इंजिनावर फिरून वीज तयार करणारे यंत्र) देणार नाही. त्यामुळे एक तर तो आकडा खोटा आहे, नाहीतर आपली बॅटरी लवकरच खाटेवर पडणार आहे. माझ्या मते पहिली शक्यता अधिक आहे.

आता ३०० वॅट आरएमएसच्या साध्या ॲम्पचा हिशेब पाहू. त्याला गाडीकडून ३७५ वॅट लागतात, म्हणजे साधारण २७ अँपियर, आणि तेही केवळ ठोका पडतो त्या क्षणी. संगीताची सरासरी याच्या कितीतरी खाली राहते. इंजिन चालू असताना एवढे ओझे सहज पेलते. शक्ती दुप्पट केली तर आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो, आणि कानाला आवाज दुप्पट मोठा वाटण्यासाठी सुमारे १० डेसिबल, म्हणजे दहापट शक्ती लागते, हे एकदा लक्षात आले की वॅटच्या मागे धावण्यात फारसा अर्थ उरत नाही. आपण विंचचा उल्लेख केलात ते बरे झाले, कारण पूर्ण ताणाखाली विंच ४०० अँपियरच्या घरात प्रवाह ओढू शकतो. विंच चालवताना ॲम्प बंद ठेवावा आणि दोघांच्या वायरी बॅटरीपासूनच स्वतंत्र असाव्यात.

वायरीवर मात्र कंजुषी करू नये. बॅटरीपासून गाडीच्या मागच्या भागापर्यंत सुमारे ५ मीटर वायर लागेल असे धरले, तर १६ चौरस मिलिमीटरच्या शुद्ध तांब्याच्या वायरीत २७ अँपियरला जेमतेम ०.१५ व्होल्ट गळतील. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची वायर दिसायला तशीच आणि स्वस्त असते, पण ती वीज तांब्याच्या दोन-तृतीयांशाइतकीच वाहते, आणि दमट हवेत तिची उघडी टोके लवकर पांढरी पडून खराब होतात. विकत घेताना एक टोक चाकूने खरवडून पाहावे. आत रुपेरी रंग दिसला तर वायर परत करावी. ४० अँपियरचा फ्यूज बॅटरीपासून हात-दीड हाताच्या आतच हवा. तो ॲम्पच्या रक्षणासाठी नसून वायरीच्या रक्षणासाठी असतो : खडखडत्या वाटेवर वायर घासून पत्र्याला टेकली, तर फ्यूज आणि बॅटरी यांमधल्या तुकड्याला वाचवणारे कोणीच नसते. फायरवॉलमधून, म्हणजे इंजिन आणि केबिन यांमधल्या पत्र्यातून, वायर नेताना भोकात रबरी ग्रोमेट (कडी) घालावा. अर्थची वायर शक्य तितकी आखूड ठेवून, रंग खरवडून उघड्या केलेल्या पत्र्यावर लग (टोकाची धातूची कडी) दाबून पक्का करून बोल्टने घट्ट बसवावी आणि मग त्या जागेवर पुन्हा रंगाचा हात द्यावा, नाहीतर पहिल्याच पावसाळ्यात तिथे गंज धरेल.

दुकानात आणखी एक सल्ला मिळेल : एक फॅरडचा कपॅसिटर (क्षणभरापुरती वीज साठवणारा भाग) लावा म्हणजे सगळे ठीक होईल. व्होल्टेज १४ वरून १२ वर येईपर्यंत तो कपॅसिटर जेमतेम २६ ज्यूल ऊर्जा देतो. ३७५ वॅट ओढणाऱ्या ॲम्पला ती सेकंदाच्या चौदाव्या हिश्शापुरती पुरते. त्या पैशांत चांगली वायर येते.

टचस्क्रीन काढण्याची गरज नाही. स्क्रीनला ॲम्पकडे संकेत नेणाऱ्या आरसीए केबलची सोय नसली, तरी हाय-लेव्हल इनपुट असलेला ॲम्प घ्यावा. तो मूळ स्पीकरच्या वायरींवरूनच संकेत उचलतो. संकेताची वायर गाडीच्या एका बाजूने आणि बॅटरीची वायर दुसऱ्या बाजूने न्यावी, म्हणजे इंजिनाच्या फेऱ्यांबरोबर चढणारी ती बारीक शीळ संगीतात शिरत नाही.

उद्यमबाग लेथ :

ताईंनी विजेचे सांगितले; मी पाण्याचे आणि पत्र्याचे सांगतो, कारण त्या दोन्ही शाळांची फी मी भरलेली आहे. माझ्या जुन्या जिप्सीत ॲम्प असाच सीटखाली, जमिनीवर होता. कणकुंबीच्या बाजूला एका ओढ्यात गाडी दगडाला अडकली आणि दहा मिनिटांत आतल्या जमिनीवर घोट्याएवढे पाणी साचले. ॲम्प तर गेलाच. शिवाय एमडीएफचा (दाबलेल्या लाकडी भुशाच्या फळीचा) बॉक्स खालच्या कडेने फुगून ब्रेडसारखा झाला आणि पुढच्या महिन्यात त्याचे सांधे सुटले. थारची पाण्यातून जाण्याची क्षमता ६५० मिलिमीटर आहे असे कंपनी सांगते, पण तो आकडा गाडीचा आहे, आपण आत ठेवलेल्या सामानाचा नाही. शिवाय जिची जमीन कंपनीनेच धुण्यासाठी म्हणून बनवली आणि पाणी सोडायला तिला बुचेही ठेवली, त्या गाडीत विजेचे यंत्र जमिनीवर ठेवायला सांगणाऱ्या माणसाने ती गाडी नीट पाहिलेली नाही, असेच मी म्हणेन.

ॲम्प बॉक्सच्या वरच्या अंगाला किंवा मागच्या बाजूच्या पॅनेलवर, सीटच्या पातळीच्या वर उभा बसवावा आणि त्याच्याभोवती चार बोटे मोकळी जागा ठेवावी, म्हणजे उष्णता निघून जाईल. बॉक्ससाठी १८ मिलिमीटर जाडीचा, आयएस ७१० चा शिक्का असलेला मरीन प्लाय घ्यावा. बाहेरून ४५ बाय ३५ बाय २५ सेंटिमीटरचा बॉक्स केला, तर आत सुमारे २८ लिटर जागा मिळते. त्यातून सबवूफरच्या चुंबकाची जागा वजा केली तरी १० इंची बंद बॉक्सला ती पुष्कळ होते. तरीही सबवूफरच्या माहितीपत्रकात जे माप दिले असेल तेच अंतिम मानावे आणि आधी सबवूफर घेऊन मगच प्लाय कापावा. कापायला करवत लागते, जोडायला पुन्हा नवा प्लाय लागतो.

बॉक्सला बाहेरून ते करडे गालिच्यासारखे कापड चिकटवू देऊ नका. आपल्याकडच्या पावसाळ्यात त्याला आठवड्यात बुरशी येते आणि गाडीला ओल्या गोणपाटाचा वास लागतो. पिकअपच्या हौद्याला जो खरखरीत रबरी रंग मारतात, तो आतून-बाहेरून दोन हात मारावा. सबवूफर घेतानाही कागदी कोनाऐवजी (कोन म्हणजे आवाज काढताना हलणारा पडदा) पॉलिप्रॉपिलीनचा कोन आणि कडेला फोमऐवजी रबर असलेला पाहावा. पोर्टच्या बाबतीत माझा आक्षेप अगदी गावठी आहे : पोर्ट म्हणजे बाहेरून आत जाणारे भोक. त्यातून उन्हाळ्यात लाल धूळ जाते, पावसाळ्यात ओल जाते, आणि माझ्या एका गिऱ्हाइकाच्या गाडीत तर कुंभारमाशीने त्या नळीत मातीचे घर बांधलेले मी स्वतः काढले आहे.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे बॉक्स बांधणे. सबवूफरसह त्याचे वजन १४-१५ किलो होईल. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी धडकून अर्ध्या मीटरच्या आत थांबली, तर तोच बॉक्स सुमारे ३०० किलोच्या जोराने पुढे येतो, आणि पुढे आपली मान असते. नायलॉनच्या पट्ट्याने बांधून भागत नाही. ३ मिलिमीटर पत्र्याच्या कोनपट्ट्या, ८ मिलिमीटरचे बोल्ट, बॉक्सच्या आतून रुंद वॉशर आणि थरथरीने सैल न होणारे नायलॉक नट वापरावेत. पट्ट्या शक्यतो सीटच्या मूळ बोल्टच्या जागांनाच पकडाव्यात, कारण जमिनीला नवे भोक पाडले की पाणी वर येते, गंज लागतो आणि खालून जाणाऱ्या ब्रेकच्या नळीला ड्रिल लागण्याचा धोका असतो.

चंदगडी घाट :

वरचे सर्व मान्य आहे. परंतु प्रश्न वाचताना मला वाटते की रोग टायरांचा आहे आणि औषध सबवूफरचे मागितले जात आहे. माझ्या सॉफ्टटॉप गाडीत मी आधी सबवूफर बसवला आणि मग पस्तावलो, कारण कापडी छतातून तो खालचा सूर बाहेर निघून जात असे. रस्त्यावरच्या माणसाला माझे गाणे माझ्यापेक्षा चांगले ऐकू येई. आपली गाडी हार्डटॉप आहे हे भाग्य समजा. आधी दारांना आणि मागच्या चाकांच्या कमानींना ब्यूटाइलची डॅम्पिंग शीट (पत्र्याची थरथर दाबणारा रबरी थर) लावून घ्या, तिच्यावर पाणी न शोषणारा फोम लावा, आणि गाडी चालवून पाहा. नमदा किंवा कापूस असलेले काहीही लावू नका. दारात शीट लावणाऱ्या मुलावर लक्ष ठेवा, कारण दाराच्या तळाला पाणी जाण्यासाठी जी भोके असतात ती झाकली गेली, तर दारात तळे साचते. पुढचे दोन स्पीकर बदलण्यासाठीही थोडे पैसे राखून ठेवा. घरघर थोडी कमी झाली आणि पुढचे स्पीकर जरा बरे लागले, की सबवूफरला ओरडावे लागत नाही.

जांबोटीरस्ता :

आपण सर्वांनी इतक्या आपुलकीने आणि तपशिलाने लिहिलेत, याबद्दल आभारी आहे. एक प्रयोग केला तो सांगतो. मोबाईलवर ध्वनीचा वर्णपट दाखवणारे एक ॲप घेऊन मी घरच्या मोठ्या स्पीकरवर माझ्या नेहमीच्या ध्वनिमुद्रणांपैकी दहा-बारा लावून पाहिली. मोबाईलचा मायक्रोफोन काही प्रयोगशाळेचा नव्हे, तरी पखवाज आणि डग्ग्याचे ठोके बहुतेक करून ६० ते १२० हर्ट्झच्या पट्ट्यात उसळताना दिसले. ४० च्या खाली जवळजवळ काहीच नव्हते. मग मला १२ इंची दोन सबवूफर कशासाठी हवेत, असा प्रश्न आता मलाच पडला आहे. मास्तरीणबाई, बंद बॉक्स आणि पोर्टचा बॉक्स यांत ध्वनीच्या दृष्टीने काय फरक पडेल, आणि सबवूफर मागे ठेवला तर पखवाज मागून वाजल्यासारखा वाटेल का, एवढे कृपया सांगावे.

निपाणीची मास्तरीण :

आपल्या प्रयोगाने निम्मे उत्तर दिलेच आहे. पोर्टचा बॉक्स एका ठरावीक कंपनसंख्येच्या आसपास आवाज वाढवून देतो, आणि त्याखाली गेले की कोनाला हवेचा आधार राहत नाही. तो मोकळा हलू लागतो आणि अगदी खालचे सूर अडवणारा सबसॉनिक फिल्टर नसेल तर फाटूही शकतो. बंद बॉक्समध्ये आत कोंडलेली हवा कोनाला स्प्रिंगसारखी आवरून धरते. आवाज थोडा कमी मिळतो, पण ठोका पडतो आणि तिथेच थांबतो, मागे शेपूट राहत नाही. ज्याला पखवाजाचे बोल मोजून ऐकायचे आहेत, त्याला हेच हवे असते. शिवाय बंद केबिनचा एक फायदा आपोआप मिळतो. केबिनची आतली लांबी अडीच मीटरच्या आसपास धरली, तर सुमारे ७० हर्ट्झच्या खालच्या ध्वनीची अर्धी तरंगलांबीही केबिनमध्ये मावत नाही. त्यामुळे तिथून खाली सबवूफर केबिनमधल्या सगळ्या हवेचा दाबच कमीजास्त करतो आणि आवाज आपसूक वाढत जातो. बंद बॉक्सची खालच्या सुरातली उणीव त्यामुळे बरीचशी भरून निघते. चंदगडच्या भाऊंच्या कापडी छताखाली हा दाब टिकत नसे, एवढाच त्यांच्या दुःखाचा अर्थ आहे.

दिशेची काळजी ८० हर्ट्झच्या लो-पास फिल्टरने, म्हणजे त्याखालचेच सूर सबवूफरकडे जाऊ देणाऱ्या फिल्टरने, मिटते. त्याखालच्या ध्वनीची तरंगलांबी चार मीटरहून अधिक असते आणि तो कुठून येतो हे कानाला ओळखता येत नाही. पखवाजावर हात पडल्याची जी थाप असते ती वरच्या कंपनसंख्येची असल्यामुळे पुढच्या स्पीकरमधून येते, आणि मन दोन्ही पुढेच मांडते. मात्र फिल्टर १२० वर ठेवलात तर पखवाजवाला डिकीत जाऊन बसेल. ॲम्पवर फेजचे (सबवूफरच्या कोनाची हालचाल उलटवणारे) बटण असते, ते ० आणि १८० अशा दोन्ही जागी ठेवून ऐका आणि चालकाच्या जागेवर घुमारा जिथे भरीव वाटेल तिथे सोडा.

गेनचे बटण (आलेला संकेत ॲम्पने किती वाढवायचा हे ठरवणारे) हे आवाजाचे बटण नव्हे, हे बसवणाऱ्याला आवर्जून सांगावे. सबवूफरची वायर काढून ठेवायची, बास वाढवणारी सगळी बटणे शून्यावर आणायची, स्क्रीनचा आवाज तीन-चतुर्थांश ठेवायचा, ५० हर्ट्झचा अखंड सूर वाजवायचा आणि ॲम्पच्या बाहेरच्या टोकांवर एसी व्होल्ट मोजत गेन हळूहळू वाढवायचा. ४ ओहमच्या सबवूफरला ३०० वॅट म्हणजे ३४.६ व्होल्ट, २ ओहमला २४.५ व्होल्ट; तिथे थांबायचे. दोन कॉइलचा (कोन हलवणारी तारेची दोन वेटोळी असलेला) सबवूफर घेणार असाल, तर ४ ओहमच्या दोन कॉइल समांतर जोडल्यावर २ ओहम आणि एकापुढे एक जोडल्यावर ८ ओहम होतात, त्यामुळे ॲम्प किती ओहमला किती वॅट देतो हे पाहूनच जोड्या ठरवाव्यात.

जांबोटीरस्ता :

दोन महिन्यांनी लिहितो आहे. सीट काढली नाही. दारे आणि कमानी डॅम्प करून घेतल्या, पुढचे दोन स्पीकर बदलले, १० इंची एक सबवूफर बंद बॉक्समध्ये बसवला. बॉक्सचा प्लाय शहापुरातल्या सुताराने कापला आणि कोनपट्ट्या उद्यमबागेत करून घेतल्या. ॲम्प बॉक्सच्या पाठीवर उभा आहे. सर्व मिळून खर्च ४३,००० च्या आत राहिला, त्यात वायरीचा वाटा दुकानदाराला अखेरपर्यंत पटला नाही. पहिली आणलेली वायर खरवडल्यावर रुपेरी निघाली, ती परत केली.

जून संपता संपता एकदा गाडीच्या आत पाणी आले; जमिनीची बुचे काढून ते सोडले आणि ॲम्प कोरडा राहिला. घरघर पूर्ण गेलेली नाही, ताशी ८० ला ती अजून आहेच; परंतु ७० पर्यंत पखवाज त्याच्या जागी, पुढे आणि भरीव ऐकू येतो. फेज १८० वर ठेवावा लागला. सुरुवातीला मागून कसला तरी खडखडाट येत असे, तो बॉक्सचा समजून मी सगळे नट पुन्हा आवळले, शेवटी तो मागच्या नंबर प्लेटचा निघाला. तिच्यामागे सायकलच्या ट्यूबचे दोन तुकडे घातल्यावर तो थांबला.